शिंपले वेचताना किनारा कसा राखावा : भरतीच्या पट्ट्यापासून पैनगंगेच्या पात्रापर्यंत

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. ईशान्य व पूर्व सीमेवरून वर्धा आणि दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते, वणी तालुक्यात जुगादजवळ त्यांचा संगम होतो आणि तेथून हे पाणी प्राणहिता व गोदावरीच्या मार्गाने पार बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तरीही समुद्रकिनाऱ्यावरील शिंपल्यांची वेचणी आणि तिचे परिसरावर होणारे परिणाम हा विषय या जिल्ह्यातील वाचकाला दोन कारणांनी जवळचा ठरतो. विदर्भातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांच्या अभ्याससहली आणि सुट्टीतले कौटुंबिक प्रवास रत्नागिरी, मालवण व गोव्याच्या किनाऱ्यांवर जातात, आणि तेथून परतताना शंखशिंपल्यांनी भरलेली पिशवी बहुधा सोबत येते, हे पहिले कारण होय. जिल्ह्यातील नद्यांच्या व धरणांच्या उथळ काठांवर गोड्या पाण्यातले शिंपले राहतात आणि पाणी चढण्या-उतरण्यावर त्यांचे जगणे अवलंबून असल्यामुळे किनाऱ्यावर शिकलेली शिस्त येथेही उपयोगी पडते, हे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे.

भरतीचे पाणी जेथवर चढते ती वरची रेषा आणि ओहोटीला ते जेथवर उतरते ती खालची रेषा यांच्यामधल्या भागाला भरती-ओहोटीचा पट्टा किंवा आंतरभरती क्षेत्र म्हणतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने, म्हणजे साधारणपणे दिवसातून दोनदा भरती येते. अमावस्या व पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, त्याला उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. या पट्ट्यातील जीव दिवसाचा काही काळ पाण्यात आणि काही काळ उन्हावाऱ्यात काढतात, आणि कोणाला किती वेळ कोरडे राहणे झेपते यावरून त्यांच्या जागा ठरतात : खडकाळ किनाऱ्यावर वरच्या भागात बार्नेकल हे खडकाला चिकटलेले कवचधारी जीव, मधल्या भागात कालवे व शिनाणे हे खडकावर राहणारे शिंपले, आणि खालच्या भागात समुद्रशैवाल अशी साधारण उतरंड दिसते. खाडीच्या रेताड-चिखलट भागात मात्र सारी वस्ती जमिनीखाली असते. तिसऱ्या, शिवल्या, खुबे अशा निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे द्विदल शिंपले, म्हणजे दोन झडपांचे कवच असलेले मृदुकाय प्राणी, वाळूत पुरून घेतात आणि दोन लहान नळ्या वर काढून एकीने पाणी आत घेतात, त्यातील सूक्ष्म अन्न गाळतात व दुसरीने ते बाहेर सोडतात.

कोकणात आणि गोव्यात या शिंपल्यांची वेचणी मुख्यतः स्त्रियांच्या हाती आहे. ओहोटीची वेळ साधून, कमरेइतक्या किंवा घोट्याइतक्या पाण्यात, हातांनी, पायांनी चाचपून किंवा लहान लोखंडी अवजाराने हे काम चालते. त्याला होडी लागत नाही, इंजिन लागत नाही, त्यामुळे मासेमारीच्या आकडेवारीत आणि धोरणात त्याला फारसे स्थान मिळत नाही, मात्र घरच्या जेवणातले प्रथिन आणि आठवडी बाजारातला रोख पैसा त्यातून येतो. किनाऱ्याच्या ऱ्हासाची चर्चा करताना टोपली घेऊन खाडीत उतरणाऱ्या या स्त्रीला प्रथम दोषी धरण्याची जी सवय दिसते ती अन्यायाची आहे, कारण पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी वेचणी करणाऱ्यांना ती जागा टिकण्यात सर्वांत अधिक स्वारस्य असते. प्रश्न गंभीर होतो तो वेचणीचा वेग व पद्धत बदलते तेव्हा, आणि ज्यांचा त्या जागेशी दुसऱ्या दिवशी संबंध राहत नाही असे लोक तेथे उतरतात तेव्हा.

वेचणीचा परिणाम काढलेल्या शिंपल्यांपुरता मर्यादित राहत नाही, याचे कारण शिंपले त्या जागेसाठी जी कामे करतात त्यात आहे. ते पाणी गाळतात. अटलांटिक किनाऱ्यावरील एका जातीचे पूर्ण वाढलेले कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. कालवांचे व शिनाण्यांचे थर खडकावर असंख्य फटी निर्माण करतात आणि त्या फटींत किरवे, कृमी, लहान गोगलगायी व माशांची पिल्ले आसरा घेतात. शिवाय अनेक पक्षी त्यांच्यावर जगतात. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर उतरणारा, ऑयस्टरकॅचर या नावाने ओळखला जाणारा लांब तांबड्या चोचीचा पक्षी तर शिंपले उघडून खाण्यातच तरबेज आहे.

एका जीवाच्या जाण्याने इतरांचे काय होते, हे रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील माका उपसागराच्या खडकांवर १९६३ पासून केलेल्या प्रयोगात स्पष्ट झाले. शिंपले खाणारा तारामासा त्यांनी एका भागातून सातत्याने दूर केला, तेव्हा शिनाण्यांच्या एका नातलग जातीने खडक व्यापला आणि तेथील जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. चिलीतील लास क्रूसेस येथे १९८२ च्या सुमारास किनाऱ्याचा एक तुकडा माणसांना बंद करण्यात आला, तेव्हा याच्या उलट बाजूचे दर्शन घडले : लोक ज्याला ‘लोको’ म्हणतात तो मांसाहारी शंख, वेचणी थांबल्यामुळे, वाढला, त्याने शिंपल्यांचे दाट थर खाऊन विरळ केले आणि मोकळ्या झालेल्या खडकावर बार्नेकल बसले. तेथे माणूसच त्या किनाऱ्यावरील प्रमुख शिकारी होता, हे या प्रयोगाने दाखवले. त्यामुळे वेचणीने जैवविविधता नेहमी घटते किंवा नेहमी वाढते असे ढोबळ विधान टिकत नाही. कोणता जीव काढला जातो, तो कोणाला खातो आणि त्याला कोण खाते, यावर परिणामाची दिशा ठरते.

यंत्राने केलेल्या वेचणीबाबत मात्र पुरावा पुष्कळसा एकाच बाजूचा आहे. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात, म्हणजे ओहोटीला मैलोगणती उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यांत, कॉकल नावाचे शिंपले तळ खरवडून व शोषून काढणारी जहाजे वापरली जात. तळाचा बारीक गाळ उडून जाई, नवीन पिल्ले बसण्याला अडथळा येई आणि पक्ष्यांचे अन्न घटे. युरोपीय न्यायालयाने २००४ मध्ये या मासेमारीसंबंधी निर्णय देताना, अशा संरक्षित जागेला हानी होणार नाही याविषयी वाजवी शास्त्रीय शंका उरलेली नसेल तरच परवानगी द्यावी, असे तत्त्व सांगितले आणि २००५ पासून तेथील यांत्रिक वेचणी थांबली. भारतात यंत्राविनाही अतिरेक होऊ शकतो, हे केरळमधील अष्टमुडी सरोवराने दाखवले आहे : परदेशी मागणीमुळे तेथील शिंपल्यांचे उत्पादन १९९१ मध्ये सुमारे १०,००० टनांपर्यंत चढले आणि पुढच्या दोन वर्षांत निम्म्यावर आले. त्यानंतर डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या काळात बंदी, जाळ्यांच्या आसाला किमान मर्यादा, यांत्रिक साधनांना मनाई आणि किलोमागे १,४०० नगांहून अधिक भरतील इतक्या लहान शिंपल्यांच्या निर्यातीवर निर्बंध अशी चौकट बसवण्यात आली. साठा सावरला आणि २०१४ मध्ये या मत्स्यव्यवसायाला शाश्वततेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. काम वेचणाऱ्यांच्याच हाती ठेवून नियम बसवता येतात, हे या उदाहरणाचे खरे मोल आहे.

किनाऱ्यावर जाणाऱ्या यवतमाळच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी पहिली काळजी दगडांची घ्यावी. ओहोटीत उघडा पडलेला मध्यम आकाराचा दगड उचलून उलटा केला, तर त्याच्या दोन बाजूंवर दोन वेगळी जगे दिसतात : वरच्या बाजूला उन्हाची गरज असलेले शैवाल व त्यावर चरणाऱ्या गोगलगायी, तर खालच्या ओल्या, अंधाऱ्या बाजूला स्पंज, नळीत राहणारे कृमी, चिकटलेली अंडी आणि घाईने पळणारे किरवे. दगड तसाच उलटा टाकून दिला, तर वरची बाजू चिखलात गुदमरते आणि खालची उन्हात करपते. दोन्ही वस्त्या एकाच कृतीने नष्ट होतात. म्हणून दगड दोन्ही हातांनी सावकाश उचलावा, पाहणे संपताच त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा आणि ठेवण्यापूर्वी त्याखालील किरव्याला बाजूला सरकू द्यावे. चाळीस विद्यार्थ्यांच्या गटाने चाळीस दगड उलटण्यापेक्षा शिक्षकाने एकच दगड सर्वांना दाखवावा, हे अधिक योग्य होय.

वाळूत किंवा चिखलात खणण्याचा नियमही असाच आहे. खाडीच्या चिखलाचा वरचा थर करडा किंवा तपकिरी असतो, तर बोटभर खाली गेल्यावर काळा, सडक्या अंड्यासारखा वास येणारा थर लागतो. तेथे प्राणवायू पोहोचत नाही. फावड्याने खोल खणून हा काळा थर वर आणला आणि खड्डा उघडा ठेवला, तर कडेचे लहान शिंपले व कृमी उघडे पडतात आणि कावळे व कुरव पक्षी त्यांना टिपून नेतात. म्हणून हाताने किंवा बोथट अवजाराने वरवरच शोधावे, खड्डा लगेच बुजवावा आणि एकाच ओहोटीत एकाच तुकड्यात पुन्हा पुन्हा फिरू नये, कारण पावलांखाली दबलेल्या मऊ चिखलात शिंपल्यांच्या नळ्यांची वाट बंद होते.

खाण्यासाठी वेचणी करणाऱ्याने आकाराची निवड जागेवरच करावी. घरी आणून लहान शिंपले टाकून देणे म्हणजे बियाण्याचे पोते दळणाला नेण्यासारखे आहे. कवचावरील वलये नीट पाहिली तर निवड करायला मदत होते. दोन झडपा जेथे जोडलेल्या असतात त्या फुगीर टोकापासून कडेपर्यंत एकामागून एक वलये उमटलेली असतात; वाढीचा वेग जास्त असतो तेव्हा ती एकमेकांपासून लांब पडतात आणि वाढ मंदावते तेव्हा कडेला दाटीने येतात. ज्याच्या कडेपर्यंत वलये विरळच आहेत तो शिंपला अजून वाढता समजावा आणि सोडून द्यावा. ठरावीक आसाची चाळणी वापरल्यास हे काम सोपे होते, मात्र चाळणीतून पडलेले लहान शिंपले ज्या जागेतून काढले त्याच ओल्या जागेत पसरून टाकावेत, म्हणजे पाणी चढण्यापूर्वी ते पुन्हा पुरून घेऊ शकतात. मोठ्यांपैकीही काही राखावेत, कारण द्विदल शिंपल्यांचे बीज पाण्यात मिसळते आणि नर-मादी फार विरळ झाले तर फलनाचे प्रमाण घसरते.

कालवांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. कालवाची खालची झडप खडकाला घट्ट चिकटलेली असते. वरची झडप उचकटून मांस काढले आणि खालची तशीच राहू दिली, तर पाण्यात तरंगणाऱ्या कालवाच्या डिंभकांना, म्हणजे पोहणाऱ्या बालावस्थेतील जीवांना, बसायला जुने कवच हीच सर्वांत पसंतीची जागा मिळते. छिन्नीने खडकासह तुकडा काढला तर ती जागा नाहीशी होते. खारफुटीच्या मुळांना लागलेली कालवे मिळवण्यासाठी मुळे तोडणे तर पूर्णपणे टाळावे.

रिकामे शंखशिंपले नेल्याने काय बिघडते, असा प्रश्न साहजिक विचारला जातो. शंखवासी खेकड्यांना राहायला रिकामा शंखच लागतो, झिजलेल्या कवचांतून पुळणीला चुनायुक्त वाळू मिळते आणि लहान जीवांना चिकटायला पृष्ठभाग मिळतो. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरील एका पुळणीवर सुमारे तीन दशकांच्या अंतराने केलेल्या मोजणीत शिंपल्यांची संख्या ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आणि त्याच काळात पर्यटकांची संख्या जवळपास तिप्पट झाल्याचे आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील पुळणीवर व्यापारी वेचणी नव्हती. महाविद्यालयांनी प्रत्येक तुकडीसाठी नवे नमुने आणण्याची प्रथा आता सोडून द्यावी; संग्रहालयातील जुने नमुने, छायाचित्रे आणि रत्नागिरीच्या झाडगाव येथील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातील संग्रह एवढ्यावर ओळखीचा अभ्यास उत्तम होतो.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत २००१ मध्ये अनेक सागरी मृदुकाय प्राण्यांचा समावेश झाला. त्यांत राक्षसी शिंपल्यांच्या काही जाती आहेत, तसाच गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवला जाणारा पातळ, चपटा, प्रकाश आत सोडणारा शिंपलाही आहे. मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य असल्यामुळे तेथून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलता येत नाही. बाजारात विकायला ठेवलेला शंख म्हणजे कायदेशीर शंख, असा समज करून घेऊ नये.

हे सारे यवतमाळच्या पाण्याला लावताना एक फरक प्रथम लक्षात घ्यावा लागतो. समुद्रातील शिंपल्याचे डिंभक प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात, म्हणून उजाड झालेल्या जागेला शेजारच्या वस्तीतून पिल्ले मिळू शकतात. नदी-तलावांतील मोठे शिंपले, ज्यांत लॅमेलिडेन्स व पॅरेसिया या प्रजाती येतात, निराळ्या मार्गाने वाढतात : मादी पिल्लांना आपल्या कल्ल्यांत सांभाळते, ग्लोकिडियम नावाचे सूक्ष्म डिंभक पाण्यात सोडते आणि ते डिंभक माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून काही काळ परजीवी म्हणून राहिल्यावरच तळाशी गळून स्वतंत्र जीवन सुरू करते. योग्य मासा त्या वेळी जवळून गेला नाही तर ती पिढी संपते. यावरून असे दिसते की नदीतील शिंपल्यांची वस्ती एकदा मोडली की ती सावरायला समुद्रापेक्षा अधिक वेळ लागतो, आणि माशांच्या जाती घटल्या किंवा बंधाऱ्यांनी त्यांच्या वाटा अडवल्या तर एकही शिंपला न वेचता शिंपले कमी होतात.

दुसरा मुद्दा पाण्याच्या चढउताराचा आहे. समुद्रात तो दिवसातून दोनदा होतो. इसापूर, बेंबळा, अरुणावती, अडाण व पूस या धरणांच्या काठांवर तो वर्षातून एकदा होतो, आणि पैनगंगेच्या पात्रात उन्हाळ्यात नदी डोहांपुरती उरते. पाणी उतरू लागले की काही शिंपले त्याच्यामागे सरकतात, काही चिखलात पुरून घेऊन कवच मिटून पावसाची वाट पाहतात. उघड्या काठावर सहज सापडणारे हे शिंपले फुकट गेलेलेच आहेत असे समजून वेचले जातात, पण ओल्या चिखलात मिटून बसलेला शिंपला बहुधा जिवंत असतो आणि पुढच्या पावसाळ्यातील वस्तीचा आधार तोच असतो. जेथे नदीकाठी शिंपले खाण्यासाठी वेचले जातात तेथे पाणी टिकणाऱ्या खोल डोहांपैकी एक-दोन डोह पूर्णपणे राखीव ठेवावेत, उरलेल्यांतही काठच्या ओल्या पट्ट्यात खणू नये आणि मुग्धबलाक, म्हणजे मिटलेल्या चोचीतही फट राहणारा, गोगलगायी-शिंपले फोडून खाणारा बगळ्यासारखा पक्षी, जेथे नेहमी उतरतो तो काठ त्याच्यासाठी सोडावा.

वेचणीपेक्षा मोठे संकट रेतीच्या उपशाचे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नदीतील शिंपल्यांना रेतीमिश्रित तळ लागतो. रेतीघाटावर यंत्राने तळ उचलला की शिंपले, त्यांची पिल्ले आणि त्यांना वाढवणाऱ्या माशांच्या विणीच्या जागा एकाच वेळी ट्रकमध्ये जातात, आणि वाडन समुद्रात जे घडले त्याहून ही हानी कायमची असते, कारण तेथे निदान तळ जागेवर राहत होता. शिंपले वेचणाऱ्या दहा कुटुंबांवर निर्बंध घालून घाटावरचे यंत्र चालू ठेवणे याला संवर्धन म्हणता येणार नाही.

खाण्याबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. पाणी गाळणारा जीव पाण्यातील विषही साठवतो. याच गुणाचा उपयोग करून शिंपल्यांद्वारे प्रदूषणावर लक्ष ठेवण्याची कल्पना एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली आणि पुढे ती अनेक देशांत रुजली. कापसावर फवारणी चालू असताना शेताचा निचरा ज्या नाल्यात येतो त्या नाल्यातील, वणी परिसरातील कोळसा खाणींच्या सांडपाण्याजवळील आणि शहराच्या गटाराखालील शिंपले खाऊ नयेत. शिजवल्याने जंतू मरतात, पण कीटकनाशके आणि जड धातू जात नाहीत.

हे नियम कागदावरून गावात उतरवण्याची साधने उपलब्ध आहेत. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात झाडे, पक्षी व पिके यांच्याबरोबर नदीतले शिंपले कोठे, कोणत्या महिन्यात व कोणत्या आकाराचे सापडतात, याची नोंद भोई, ढिवर, कोलाम व गोंड समाजातील जाणत्या स्त्री-पुरुषांना विचारून करावी. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ मध्ये पाणवठ्यांतील मासे व इतर उत्पादनांवरील सामूहिक हक्क मान्य केलेला आहे आणि कलम ५ ने ग्रामसभेला पाणलोट व जलस्रोत राखण्याचा अधिकार दिलेला आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांनी राखीव डोह, वेचणीचा बंद काळ आणि किमान आकार याच अधिकाराखाली ग्रामसभेच्या ठरावाने ठरवावेत. जातींची ओळख पटवण्यासाठी मृत कवचाचे छायाचित्र मोजपट्टीसह काढून पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडे पाठवावे. नोंदीची सुरुवात येत्या उन्हाळ्यात, पात्रातले पाणी उतरू लागताच, गावातल्या एकाच डोहापासून करावी आणि पुढची किमान तीन वर्षे त्याच डोहावर, त्याच महिन्यात ती चालू ठेवावी.